एक कुसळ, दोन थेंब

धनुष्याच्या पाठीवरून कापूस फिरवता फिरवता, वरच्या टोकापासून वीतभर खाली, मिलिमीटरांचा हात थांबला. कापूस अडकला होता. त्यांनी तो हळूच सोडवला, चष्मा कपाळावर चढवला, पुन्हा नाकावर आणला आणि कापूस परत फिरवला. तो परत तिथंच अडकला. या खेपेला तर त्याचा एक पांढरा तंतू मागं उरला आणि खिडकीतून येणाऱ्या वाऱ्यावर असा हलायला लागला, जसा काही मिलिमीटरांना टाटा करतोय.

"गेलं," मिलिमीटर म्हणाले. "अकरा महिने गेले."

"कुठं गेले?" स्वयंपाकघरातून बायकोनं विचारलं.

"कुसळ उठलंय. लाकडाचं."

"मग बसवा."

मिलिमीटर हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. नकाशांच्या कचेरीत छत्तीस वर्षं शाईनं रेघा मारून ते निवृत्त झाले, तेव्हा कचेरीनं त्यांना एक घड्याळ दिलं आणि मोजायची सवय काढून घ्यायला विसरली. पलंग जरा इकडं सरकवा असं बायको म्हणाली, की ते "जरा म्हणजे किती?" असं विचारून पट्टी आणायला जात. पट्टी घेऊन येईपर्यंत बायकोनं पलंग सरकवलेला असे आणि त्यावर चादरही घातलेली असे.

अशा माणसानं निवृत्तीनंतर हातानं धनुष्यं बनवायचा नाद लावून घेतला. गावात असे आणखी तीसएक नादिष्ट होते. त्यांचं मंडळ होतं, आणि वर्षातून एकदा मैदानावर सामना होई. ज्यानं त्यानं स्वतः घडवलेलं लाकडाचं धनुष्य आणायचं. पण बाण सोडायच्या आधी मंडळाचे परीक्षक प्रत्येक धनुष्यावरून कापूस फिरवत. कापूस अडकला की धनुष्य नापास. यात शहाणपणही होतं म्हणा. पाठीवर उठलेलं एवढंसं कुसळ दोरी ओढली की आणखी उठतं, ताणानं लांब होत जातं आणि एक दिवस सगळं धनुष्य ओढणाऱ्याच्या तोंडावर फुटतं.

परीक्षक म्हणजे दुसरंतिसरं कुणी नव्हे, मिलिमीटरांच्या सुनेचे वडील. मिलिमीटरांचे सख्खे व्याही. ते वजनमापांचे निरीक्षक होते. लग्नाच्या आदल्या दिवशी त्यांनी होणाऱ्या सासऱ्यांच्याच दुकानातला तराजू जप्त केला होता, असं सांगतात. आणि सासऱ्यांनी तरीही मुलगी दिली ती तराजू परत मिळेल या आशेनं, असंही सांगतात. तराजू मिळाला नाही. अशा या व्याह्यांनी सलग दोन वर्षं मिलिमीटरांचं धनुष्य चारचौघांत नापास केलं होतं. गेल्या वर्षी तर मिलिमीटरांच्या अंगाचा असा तिळपापड झाला की ते सगळ्या मैदानासमोर बोलून बसले, "तिसऱ्यांदा नापास झालो, तर ते धनुष्य बायकोच्या घेवड्याच्या वेलाला आधार म्हणून रोवीन आणि पुन्हा लाकडाला हात लावणार नाही."

सामना उद्या सकाळी आठ वाजता होता. बायकोनं घेवडा वेळेवर पेरला होता.

"दोन वीत वाढलाय," ती पदराला हात पुसत दारात येऊन म्हणाली. "काठी मागतोय बिचारा."

"तुला माझं धनुष्य वेलावर बघायची घाई झालीय."

"मी कुठं काय म्हणतेय? वेल म्हणतोय."

मिलिमीटरांनी गल्लीच्या तोंडाशी राहणाऱ्या सुताराला बोलावून आणलं. धनुष्याचं लाकूड त्याच्याकडचंच होतं. तो परगावच्या कामावर निघाला होता, खांद्यावर हत्यारांची पिशवी होती आणि चेहऱ्यावर गाडी चुकणार असल्याचा भाव होता.

"हात लावला का याला?" त्यानं विचारलं.

"छे. फक्त मोजलं. चौदा मिलिमीटर लांब आहे आणि टोकाशी एक मिलिमीटर उचललंय."

"मोजताना नखानं ओढलं का?"

"जरासं."

"जरासं म्हणजे किती?"

आयुष्यात पहिल्यांदाच हा प्रश्न मिलिमीटरांना दुसऱ्या कुणी विचारला होता.

"ऐका साहेब," सुतार म्हणाला. "कुसळ तोडायचं नाही, कापायचं नाही. त्याच्या खाली हा पातळ गोंद सोडायचा. एक थेंब. वर मेणकागद ठेवून दाबायचं. नुसत्या बोटानं दाबलंत तर बोट तिथंच ठेवून जावं लागेल, एवढा हा झटपट धरतो. वाळलं की वरून हलकं घासायचं, आणि संध्याकाळपर्यंत दोरी चढवायची नाही. झालं."

"एक थेंब म्हणजे किती मिलिमीटरचा?"

सुतारानं गोंदाची नळी मिलिमीटरांच्या हातात कोंबली आणि पिशवी उचलली. "मी परवा येतो. तोवर काही झालं, तरी मला फोन करू नका."

आता दुसरा कुणी असता तर त्यानं थेंब सोडला असता आणि जेवायला बसला असता. मिलिमीटरांनी आधी एक थेंब काचेच्या तुकड्यावर सोडून मोजला. पाच मिलिमीटर. फट एक मिलिमीटरची आणि थेंब पाचाचा. उरलेले चार मिलिमीटर जाणार कुठं? लाकडावर ओघळणार, वाळून त्याची गाठ होणार, आणि त्या गाठीला व्याह्यांचा कापूस अडकणार. म्हणजे बारीक तोटीची बाटली हवी.

बायकोच्या कपाटात रिकाम्या बाटल्यांचा एक खण होता. ती बाटली म्हणून टाकत नसे. धुऊन, वाळवून, बूच लावून ठेवी. त्यात मिलिमीटरांना कानाच्या औषधाची एक बाटली सापडली. गेल्या महिन्यात बायकोचा कान दुखत होता, तेव्हाची. तोटी अगदी सुईसारखी. पाण्याचा थेंब सोडून पाहिला, दोन मिलिमीटर. त्यांचा चेहरा उजळला. बाटली पुसून कोरडी केली, सगळा गोंद तिच्यात ओतला, नळी केरात टाकली. बाटलीवर कानाच्या औषधाचं लेबल होतं, ते काही त्यांना पसंत पडलं नाही. म्हणून त्यांनी वीस गुणिले दहाचा कागद कापला, त्यावर ठसठशीत अक्षरात 'गों' एवढं लिहिलं, आणि 'द' लिहिणार तोच दारावरची घंटा वाजली.

दारात व्याही उभे होते. एका हातात बॅग, दुसरा हात उजव्या कानावर.

"तुम्ही पाचला येणार होतात," मिलिमीटर म्हणाले.

"पाचला येतो म्हणणारा माणूस सहाला पोचतो. म्हणून मी बाराला आलो. म्हटलं मैदान तुमच्या घरापासून जवळ, राहायलाच यावं." व्याही आत आले. "विहीणबाई, कान नुसता ठणकतोय. तुम्ही फोनवर सांगितलंत ना, तेच औषध आणलंय बघा. तीच कंपनी, तीच बाटली."

"दोन दिवसांत उतार पडेल," बायको म्हणाली आणि त्यांची बॅग मागच्या खोलीत नेऊन ठेवायला निघाली. मागची खोली म्हणजे मिलिमीटरांची कामाची खोली. पाहुण्यांचा पलंग तिथंच होता. मिलिमीटर तिच्या पुढं धावले आणि धनुष्य पलंगाखाली सारून उभे राहतात तोच व्याही आत येऊन त्याच पलंगावर बसले. त्यांनी बॅग उघडली. एकेक वस्तू काढून टेबलावर ओळीनं मांडली. कंगवा, चष्म्याचं घर, परीक्षेच्या कापसाची गुंडाळी आणि कानाच्या औषधाची बाटली. ती त्यांनी टेबलावर आधीच असलेल्या बाटलीच्या शेजारी ठेवली. निरीक्षकांचा हात तो. दोन्ही एका रेषेत आल्याच पाहिजेत.

"यंदा काय म्हणतंय धनुष्य?" त्यांनी विचारलं.

"पलंगाखा... म्हणजे तयार आहे. उद्या बघाच."

"बघणारच. नात्यात मी कापूस मऊ करत नाही, हे तुम्हाला माहीत आहे."

मिलिमीटरांना ते दोन वर्षांपासून माहीत होतं.

जेवायला बसल्यावर पहिल्या दोन घासांतच मिलिमीटर उठले. हात धुऊन येतो म्हणाले. "आत्ताच तर धुतलेत," बायको म्हणाली, पण तोवर ते मागच्या खोलीत पोचले होते. पलंगाखालून धनुष्य ओढलं, टेबलावरची बाटली उचलली, आणि न्हाणीघरात शिरून कडी लावली. टेबलावर दोन बाटल्या होत्या. एक त्यांनी उचलली. घाईत मोजायचं राहून गेलं, एवढाच काय तो त्यांचा गुन्हा.

न्हाणीघर चार फुटांचं आणि धनुष्य साडेपाच फुटांचं. ते कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरपं टेकवून, बादली पालथी घालून तिच्यावर बसून, जीभ दातांत धरून मिलिमीटरांनी कुसळाखाली थेंब सोडला. दोन मिलिमीटर, बरोब्बर. वर मेणकागद ठेवून साठ अंक मोजले. कागद उचलला. कुसळ कागदाबरोबर वर आलं. पुन्हा थेंब, पुन्हा साठ. कुसळ पुन्हा वर. तिसऱ्या थेंबानंतर तर ते लाकडावर मागंपुढं सरकायला लागलं, वंगण घातलेल्या बिजागरीसारखं.

"अहो," दाराबाहेरून बायकोचा दबका आवाज आला. "काय करताय आत?"

"आंघोळ."

"सकाळी झाली की."

"पुन्हा करतोय."

"पाण्याचा आवाज येत नाही."

मिलिमीटरांनी नळ सोडला. बादली पालथी असल्यामुळं पाणी थेट त्यांच्या पायांवर पडलं.

"व्याही विचारत होते, तुमचं पोट बरं आहे ना," बायको म्हणाली. "मी म्हटलं, नाही. जेवण उरकून ते खोलीत गेलेत पडायला. कानात औषध घालतो म्हणाले."

"घालू दे," मिलिमीटर वैतागून म्हणाले आणि त्यांनी बाटली नाकाशी नेली. वास गोंदाचा नव्हता. आजारी माणसाच्या उशीसारखा होता. बोटाला तेलकट लागत होतं. मग मिलिमीटरांच्या डोक्यात एक सरळ रेघ ओढली गेली. औषध इथं आहे, तर गोंद तिथं आहे. गोंद तिथं आहे, तर तो आता कानात चाललाय.

कडी काढून ते धावले. पायांवरून पाणी ठिबकत होतं, आणि हातातलं धनुष्य खाली ठेवावं एवढीही शुद्ध राहिली नव्हती. खोलीच्या दारात पोचले तेव्हा व्याही भिंतीकडं तोंड करून कुशीवर पडले होते. उजवा कान वर, आणि उजव्या हाताच्या चिमटीत कापसाचा बोळा.

"कोण? व्याहीबुवा का?" त्यांनी मागं न बघता विचारलं. "हे औषध भलतंच जालीम आहे हो. बोळ्यावर दोन थेंब टाकले, तर बोळा गरम झाला. चटका बसला बोटांना."

"कानात घातला?"

"घालणारच होतो. म्हटलं जरा निवू द्यावा."

मिलिमीटरांचा जीव भांड्यात पडला.

"आता निवलाय," व्याही म्हणाले आणि चिमूट कानाकडं नेऊ लागले.

"थांबा," मिलिमीटर ओरडले. "जेवणावर लगेच कानात काही घालू नये."

"कोण म्हणतं?"

"तुमच्या विहीणबाई."

विहीणबाईंचं नाव ऐकून व्याही थांबले. मग वळले. ते वळायच्या आत मिलिमीटरांनी धनुष्य पाठीमागं धरलं. पण साडेपाच फुटांची वस्तू साडेपाच फुटांच्याच माणसाच्या मागं लपवायची, तर ती जमिनीला टेकली पाहिजे, आणि दाराचा उंबरा मध्ये येत होता. धनुष्याचं टोक त्यांच्या डोक्यावर शिंगासारखं उभं राहिलं. सुदैवानं व्याह्यांचं लक्ष स्वतःच्या हाताकडं होतं. ते चिमूट उघडायला बघत होते आणि चिमूट उघडत नव्हती. मिलिमीटरांनी धनुष्य हळूच दारामागं सरकवलं.

"हे काय?" व्याह्यांनी हात झटकला. अंगठा, तर्जनी आणि मधला कापूस, तिघांनी एकमेकांना घट्ट धरून ठेवलं होतं.

"कोमट पाणी आणते साबणाचं," पाठोपाठ आलेली बायको म्हणाली. तिची नजर हातावरून बाटलीवर, बाटलीवरून 'गों' लिहिलेल्या कागदावर आणि तिथून नवऱ्याच्या ओल्या पायांवर गेली. तिला सगळं कळलं. छत्तीस वर्षांच्या संसारात एवढं तर कळतंच. "भिजवून ठेवला की सुटेल हात."

"पाणी? मुळीच नाही," व्याही उठून बसले. त्यांच्या डोळ्यांत निवृत्तीनंतर प्रथमच तेज आलं होतं. "विहीणबाई, हा पुरावा आहे. औषधाच्या बाटलीत गोंद. माझ्या अख्ख्या नोकरीत असली लबाडी पाहिली नाही. तक्रार लिहून होईपर्यंत या बोटांना कुणी हात लावायचा नाही."

त्यांनी डाव्या हातानं बाटली रुमालात गुंडाळली, दातांनी गाठ मारली, बॅगेत टाकली आणि बॅगेला कुलूप लावलं. "मुद्देमाल," ते म्हणाले. गावातला उपलब्ध असलेला सगळा पातळ गोंद कुलपात गेला. सुतार परवा येणार होता आणि त्याच्या दुकानाची किल्ली त्याच्याच खिशात होती.

"व्याहीबुवा, कागद घ्या," व्याही म्हणाले. "माझा उजवा हात गुंतलाय. मी सांगतो, तुम्ही लिहा. तुमचं अक्षर मोत्यासारखं आहे."

अख्खी दुपार मिलिमीटर टेबलाशी बसून स्वतःविरुद्धची तक्रार मोत्यासारख्या अक्षरात लिहीत होते.

"सदर बाटलीत," व्याही येरझाऱ्या घालत सांगत होते, "औषधाच्या जागी गोंद भरणारा इसम हा एकतर महामूर्ख असला पाहिजे किंवा अट्टल बदमाश. लिहिलंत?"

"महामूर्ख पुरेसं नाही का?" मिलिमीटरांनी विचारलं.

"तुम्ही फार भले आहात. दोन्ही ठेवा. आणि बदमाशच्या खाली रेघ मारा."

मिलिमीटरांनी रेघ मारली. सरळ आली, कारण हाताला सवय होती. समोर दारामागून धनुष्याचं टोक दिसत होतं आणि त्यावर तेलाचा तपकिरी डाग पसरत चालला होता. पत्राला शेवटी सात मुद्दे झाले. सहाव्या मुद्द्यात व्याह्यांनी त्या इसमाच्या बायकोबद्दल सहानुभूती व्यक्त केली होती. तेवढा मुद्दा वाचून दाखवल्यावर दारात उभी असलेली बायको म्हणाली, "हा चांगला आहे. हा राहू द्या."

तिन्हीसांजेला व्याही पत्र पेटीत टाकायला गेले, तेव्हा कुठं मिलिमीटर धनुष्य घेऊन स्वयंपाकघरात आले आणि स्टुलावर मटकन बसले.

"सांगून टाका ना त्यांना," बायको म्हणाली.

"काय सांगू? गोंद माझा म्हटलं तर तो कशाला काढला हे सांगावं लागेल. ते सांगितलं की कुसळ आलं. कुसळ आलं की उद्या कापूस फिरवायचीही गरज नाही. वर बदमाशच्या खाली रेघ मारलीय, ती वेगळीच."

"मग आता?"

"मग घेवडा," मिलिमीटर म्हणाले. त्यांचा आवाज एवढा बारीक झाला होता की तो मोजायला पट्टीच लागली असती. "गोंद नाही. आणि असता तरी तेलावर काय चिकटणार? अकरा महिने गं. रोज सकाळी धनुष्याच्या आतल्या बाजूनं कागदाइतका थर काढायचा, वाकवून बघायचं, पुन्हा ठेवून द्यायचं."

बायकोनं वेलाच्या दिशेला एकदा पाहिलं. मग नवऱ्याकडं पाहिलं. मग तिनं अंगाला लावायची पावडर आणून तेलाच्या डागावर मूठभर ओतली, तेल शोषलं गेल्यावर फडक्यानं पुसली, पुन्हा ओतली, पुन्हा पुसली. शिवणाच्या डब्यातून भरतकामाचा लाल रेशमी दोरा काढला.

"धरा दोन्हीकडून. हलवू नका." ती म्हणाली. "आणि मोजू नका."

तिनं कुसळ अंगठ्यानं दाबून खाली बसवलं आणि त्याच्यावरून दोरा गुंडाळायला घेतला. वेढ्याला वेढा लागून, प्रत्येक वेढा ओढून गच्च करत. तिच्या माहेरी झाडू बांधायचा धंदा होता. तिच्या हातचा झाडू मोडला तरी गाठ सुटत नसे. शेवटचं टोक तिनं वेढ्यांखालून असं ओढून घेतलं की गाठ दिसेनाशीच झाली. पाच मिनिटांत काम संपलं. जे बसवायला मिलिमीटरांना सबंध दिवस पुरला नव्हता, ते बसलं होतं. फक्त आता ते लाल होतं आणि मैदानाच्या दुसऱ्या टोकावरून दिसलं असतं.

ती भांडी घासायला वळल्यावर मिलिमीटरांनी गुपचूप पट्टी लावली. बावीस मिलिमीटर.

सकाळी आठ वाजता मैदानावर एकतीस धनुष्यं ओळीनं मांडली होती. व्याही चिमूट पुढं धरून आले. मंडळाच्या अध्यक्षांनी तो हात पाहिला आणि काळजीनं म्हटलं, "आज दुसऱ्या कुणाला सांगू का परीक्षेला?"

"का?" व्याही म्हणाले. "हात आहे, हातात कापूस आहे. परीक्षकाला आणखी काय लागतं?"

खरं तर चिमटीतला तो कापूस आता कापूस राहिला नव्हता. गोंद पिऊन, रात्रभर वाळून त्याचा नदीतल्या गोट्यासारखा गुळगुळीत खडा झाला होता. तो कशालाच अडकणार नव्हता. बाभळीच्या फांदीवरून फिरवला असता, तरी बाभूळ पास झाली असती. हे तिथं फक्त एका माणसाच्या ध्यानात आलं, आणि तो माणूस मूग गिळून ओळीत उभा होता. व्याही एकेका धनुष्यावरून चिमूट फिरवत निघाले. पास. पास. एका गृहस्थाच्या धनुष्याला अजून साल होती, ते पास. ज्याला मंडळात सगळे 'खडबड्या' म्हणत, त्याचं धनुष्य सात वर्षांत पहिल्यांदा पास झालं आणि तो खाली बसून रडला.

मिलिमीटरांच्या मनात आलं, म्हणजे कालचा सगळा आटापिटा फुकट. कुसळ तसंच उभं ठेवलं असतं, तरी कुणाला कळलं नसतं. न्हाणीघर नको, तक्रार नको, लाल दोरा नको. कुणाला कळलं नसतं, हे खरं. पण दोरी ओढल्यावर लाकडाला कळलं असतं. आणि आता त्या दोऱ्यामुळंच तो बावीस मिलिमीटर लाल पट्टा सगळ्यांच्या डोळ्यांवर येत होता.

व्याही त्यांच्यापुढं आले. चिमूट खालून वर सरकली आणि लाल पट्ट्याशी थांबली. गेल्या वर्षीची प्रतिज्ञा सगळ्यांना तोंडपाठ होती.

"हे काय आहे?" व्याह्यांनी विचारलं.

मिलिमीटरांनी रात्रभर तीन थापा पाठ केल्या होत्या. पण कचेरीत छत्तीस वर्षं एका मिलिमीटरचंही खोटं न बोललेला माणूस; ऐन वेळी त्यांच्या तोंडून खरंच निघालं. "कुसळ उठलं होतं तिथं. म्हणून बायकोनं दोरा गुंडाळलाय."

व्याह्यांनी पट्ट्यावरून चिमूट फिरवली. सरकली. पुन्हा फिरवली. धनुष्य उचलून, डोळा बारीक करून, दोन्ही बाजूंनी न्याहाळलं. मग ते गर्दीकडं वळले आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं.

"ऐकलंत? याला म्हणतात विनय," ते म्हणाले. "कुसळ म्हणे. अहो, बरोबर वीतभर खाली, जिथं लाकडावर ताण येतो नेमका तिथं बंध घातलाय. वेढ्याला वेढा बघा. गाठ दिसतेय का कुणाला? पूर्वीचे कारागीर अस्साच बंध घालत असणार. आणि हा माणूस म्हणतो, कुसळ होतं."

"खरंच होतं," मिलिमीटर म्हणाले.

"पुरे हो व्याहीबुवा," व्याह्यांनी मोकळ्या हातानं त्यांची पाठ थोपटली. "पास."

बंध टिकला. मिलिमीटरांनी दिवसभर चोवीस बाण सोडले, धनुष्य कुरकुरलंसुद्धा नाही. सामन्यात त्यांचा नंबर अकरावा आला, पण त्याचं कुणाला काय? दिवसभर लोक येऊन बंध बघून गेले. मंडळानं ते धनुष्य मागून घेतलं आणि सभागृहात अध्यक्षांच्या खुर्चीमागं टांगलं. व्याह्यांची चिमूट पाचव्या दिवशी आपोआप सुटली. कंपनीचं उत्तर पंधरा दिवसांनी आलं. पुराव्यासाठी बोटं पाठवून द्यावीत असं त्यांनी लिहिलं होतं, निदान व्याह्यांनी तरी तसा अर्थ काढला आणि ते पुढं वर्षभर पत्रं लिहीत राहिले.

त्या वर्षात मिलिमीटरांनी असं धनुष्य घडवलं की पाहणाऱ्यानं हात जोडावेत. वर्षभर वाळवलेलं लाकूड, एकाही गाठीविना. पाठीवर रेषा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड. कापूस तर सोडाच, धूरसुद्धा अडकला नसता. मध्यंतरी मंडळाकडून नव्या नियमांचा कागद आला होता. त्यातला नववा नियम होता, 'प्रत्येक धनुष्यास वरच्या टोकापासून एक वीत खाली, बावीस मिलिमीटर रुंदीचा, लाल रेशमी बंध असावा.' मिलिमीटरांनी तो वाचून कागद भिरकावला.

"गुंडाळून देऊ का?" बायकोनं विचारलं. "पाच मिनिटांचं काम."

"जिथं कुसळ नाही तिथं बंध कशाला? मी खोटा पट्टा लावणार नाही. कापूस फिरवू दे, त्यांना स्वतःलाच कळेल."

सामन्याच्या दिवशी मैदानावर तीस धनुष्यांना तीस लाल पट्टे होते, आणि व्याह्यांच्या चिमटीत यंदा ताजा, मऊ, खराखुरा कापूस होता. तो मिलिमीटरांच्या धनुष्यावरून पाण्यावरून पान जावं तसा गेला. व्याह्यांनी दुसऱ्या हातानं खिशातून पट्टी काढली, वरच्या टोकापासून वीतभर मोजली आणि मान हलवली.

"बंध नाही."

"पण कुसळच नाही."

"मला फार वाईट वाटतंय, व्याहीबुवा. नियम तुमच्यावरूनच केलाय. तुम्हीच मोडलात तर लोक काय म्हणतील?" त्यांनी वहीत लिहिलं. "नापास. तिसऱ्यांदा."

घरी आल्यावर मिलिमीटरांनी पहार उचलली. परसात गेले. पहारीनं खड्डा केला, धनुष्य रोवलं, ते सरळ उभं आहे की नाही हे ओळंबा लावून पाहिलं आणि आत येऊन भिंतीकडं तोंड करून पडले. थोड्या वेळानं बायको बाहेर गेली. तिनं वेलाचा शेंडा उचलून लाकडाला टेकवला, आणि लाल दोऱ्याचे दोन वेढे देऊन तो अलगद बांधला. मग ओला हात वरपासून खालपर्यंत लाकडावरून फिरवला.

"अहो," तिनं खिडकीतून आत बघत म्हटलं, "यंदाची काठी फार छान आहे. कुठं कुसळ म्हणून नाही."